चालत्या साच्याला हळदकुंकू

…आणि वर सगळे मलाच बोलतात! बायको बोलते, ऑफिसातली पोरं बोलतात, परवा तर आमच्या नाक्यावरचा पानवाला बोलला, "देवदत्तशेठ, तुम्ही त्याच्या बाजूलाच बसायचात ना, मग तोंड का नाही उघडलंत?" अहो, का उघडू? मी टेस्टर आहे! दुसऱ्याने केलेलं काम चालतं की नाही ते बघायचं आणि खाली सही ठोकायची, एवढंच माझं काम. तोंड उघडणं त्यात कुठेच येत नाही. आणि गिरगावात चार पिढ्या आम्ही तोंड बंद ठेवूनच काढल्यात, म्हणून टिकलोय!

तुम्हाला सांगतो, चूक सगळी त्या सुशांतची. पोरगा हुशार, वाद नाही. लालबागच्या चाळीतून चालत यायचा परळला, डोक्याला तेल, डबा हातात, आणि डोक्यात शंका. याच्या शंकांना अंत नाही! आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी एक यंत्र बनवते, जुन्या टीव्हीच्या खोक्याएवढं, त्यात पेशंटचे रिपोर्ट साठवायचे. आता कॉम्प्युटर आणि आतली डिस्क यांच्यामध्ये एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. टॅक्सीवाला नव्हे हो, हा मधला निरोप्या! कॉम्प्युटर म्हणतो हे लिही, हा डिस्कला सांगतो, डिस्क म्हणते लिहिलं, हा परत येऊन सांगतो लिहिलं. संपलं! यात शंका घेण्यासारखं काय आहे?

पण सुशांत काय म्हणाला माहितेय? मला देवाच म्हणतो तो. म्हणाला, "देवा, डिस्क खोटं बोलते."

आता बोला! डिस्क खोटं बोलते! म्हणे ती "लिहिलं लिहिलं" म्हणते तेव्हा तिने काहीएक लिहिलेलं नसतं, नुसतं लक्षात ठेवलेलं असतं, सवडीने लिहिते. आपला शिपाई नाही का, "पत्र टाकलंस का रे?" "टाकलं साहेब!" आणि पत्र त्याच्या खिशात, हा टपरीवर कटिंग मारतोय. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर? डिस्कच्या लक्षात होतं तेवढं सगळं गेलं. एखाद्याचा रिपोर्ट गेला, आणि कॉम्प्युटर मात्र निवांत, की लिहिलंय म्हणून! तर याने काय केलं, ड्रायव्हरमध्ये असा कोड घातला की प्रत्येक वेळी डिस्कला विचारायचं, "खरंच लिहिलंस? आईशप्पथ?" आणि ती खरंच लिहीपर्यंत तिथून हलायचं नाही.

हे एकच नाही हो. अशा एकेचाळीस शंका होत्या त्याच्याकडे! लिहिता लिहिता डिस्क भरली तर, वायर अर्धवट निघाली तर, डिस्कने एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर दिलं तर, चालू असताना कुणी डिस्कच उपसून काढली तर... मी विचारलं, "बाबा रे, हे सुचतं कुठून तुला?" तर म्हणाला, "देवा, चाळीत राहून बघ." त्याच्या गॅलरीत एकच प्लग, त्यावर बारा बिऱ्हाडांचा डोळा. हा रात्री कॉलेजचं सबमिशन लिहितोय आणि कुणीतरी याची पिन काढून स्वतःचा मोबाईल लावून गेलं, असं वर्षानुवर्षं झालेलं. त्याच्या हिशेबाने जे होऊ शकतं ते होतंच.

आणि समोर कोण? तर मेघना मॅडम! आमच्या हेड. प्रोजेक्टमधल्या सगळ्यांसमोर त्याला उभा केला आणि म्हणाल्या, "वाच. एकेक केस मोठ्याने वाच." हा वाचतोय बिचारा, आणि प्रत्येक केसला मॅडम भुवया वर करून, "सुशांत, असं कधी होतं का?" दहाव्या केसनंतर तर आख्खी खोलीच बोलायला लागली, शाळेत पाढे म्हणतात तशी एका सुरात, "असं कधी होतं का-ऽऽ?" सुशांतचे कान लाल, पण गप्प बसला नाही गाढव, एकेचाळीसच्या एकेचाळीस वाचल्या! सगळ्यात मोठ्याने मी ओरडत होतो, आता का खोटं बोलू.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "सगळ्या केस काढून टाक, आधी तो थांबण्याचा कोड. मशीन स्लो होतंय." कारण मॅडमनी काय केलेलं, 'चौपट फास्ट' असं माहितीपत्रक आधीच छापून घेतलेलं. मोजलं कुणी होतं? कुणीच नाही! छापलं म्हणजे झालं. सुशांत म्हणाला, "मॅडम, पण मध्येच कुणी प्लग काढला तर?" मॅडम हसल्या. इतक्या गोड हसल्या की मला घाम फुटला. "चालत्या मशीनचा प्लग, हॉस्पिटलमध्ये, कोण काढेल? असं कधी होतं का?"

आता इथे त्याने गप्प का बसायचं होतं ते सांगतो. सहा महिने प्रोबेशन चाललेलं त्याचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र मिळणार, पर्मनंट! आपल्याला काय त्याचं, आपण म्हणू ठीक आहे. पण त्याच्या घरी पर्मनंट या शब्दाला देव्हाऱ्यात जागा होती. त्याचे वडील सीताराम, गिरणी कामगार, साच्यावर होते, साचा म्हणजे माग. आणि मिल कुठली? तर आमचा टॉवर ज्या जमिनीवर उभाय तीच! अकरा वर्षं बदली कामगार होता हा माणूस. बदली म्हणजे रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी आजारी पडलं, कुणी गावी गेलं, तर त्याच्या जागी आत. नाहीतर जॉबर, म्हणजे माणसं आत घेणारा मुकादम, म्हणायचा, "आज नाही. बघू. उद्या सातला गेटवर येऊन उभा राहा." असं अकरा वर्षं! आणि अकरा वर्षांनी पर्मनंट झाला तो ब्याऐंशीच्या संपाच्या दोन महिने आधी. आता याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं? पुढे जन्मभर वॉचमनची काठी.

तर सुशांतने "काढतो मॅडम" म्हटलं, आणि कोड काढला नाही.

मला म्हणाला, "देवा, काढला म्हणून सही कर ना यार. एवढा एकच राहू दे, बाकीचे चाळीस काढलेत मी." मला माहीत होतं हो! पण शुक्रवार, साडेसहा वाजलेले, दादरला नाटकाची तिकिटं काढलेली, बायको खाली टॅक्सीत बसून हॉर्न वाजवायला लावतेय. ठोकली सही.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी मशीनचा तिसावा दिवस होता. तीस दिवस अखंड चालवायचं, एकदाही बंद पडता कामा नये, आणि तिसाव्या दिवशी हॉस्पिटलची माणसं बघायला येणार. आत भरलेले पेशंट सगळे खोटे, मीच तयार केलेले. नावं सासुरवाडीची घातली होती आणि एकेकाला मनासारखा रोग दिला होता. आणि मॅडमच्या डोक्यात काय आलं? "आपण मशीनची पूजा ठेवू या! सुशांत, तुझे फादर मिल वर्कर होते ना? त्यांना बोलव ना, किती छान वाटेल, याच जमिनीवर, तेव्हाचं मशीन, आताचं मशीन... क्लायंट रडेल!" लक्षात ठेवा हां, बोलावलं कुणी? मॅडमनी!

सीतारामकाका आले. पांढरा सदरा, टोपी, पिशवीत नारळ, झेंडूचा हार, आंब्याचा टाळ. गेटवर थबकले. जुन्या मिलचं गेट आहे ना, ते बिल्डरने शोभेला ठेवलंय, दिवे लावून. त्याला हात लावून नमस्कार केला म्हाताऱ्याने आणि मगच वर आले. वर हॉस्पिटलच्या डॉक्टर कादंबरीबाई, पाठीमागे चार माणसं, मॅडम नऊवारीत, मी कोपऱ्यात. मॅडमचं भाषण चाललंय, "तीस दिवस, एक सेकंदही न थांबता..." आणि म्हातारा मशीनसमोर उभा राहून बघतोय, बघतोय. दिवे लुकलुकतायत, पंखा घरघरतोय.

"ह्यां चालू आसा?" त्यांनी सुशांतला विचारलं.

"हो बाबा. चालूच ठेवायचंय."

"चालत्या साच्याक कोण हळदकुंकू लावता, मेल्यांनू? आधी साचो बंद करूक व्हयो! वरसभर राबता बिचारो, एक दिस तरी त्येका गप बसांदे."

सुशांत "बाबा, नको" म्हणेपर्यंत म्हातारा वाकला. मशीनला दोन वायरी असतात हो, एक गेली तर दुसरी असावी म्हणून, पण त्या दोन्ही वायरी एकाच बोर्डात खोचलेल्या, कारण दुसऱ्या बोर्डात एचआरवाल्या प्रितीने दिव्यांचं तोरण लावलेलं! म्हाताऱ्याने काय बघितलं, काय नाही, बोर्डाची पिन धरली आणि गिरणीत पट्टा उतरवायचे तसा हिसका मारून उपटली.

पंखा थांबला. दिवे गेले. तोरण तेवढं लुकलुकतंय. मॅडमचा हात भाषणात जसा वर होता तसाच वर. असं कधी होतं का? झालं ना! अकरा वाजून सोळा मिनिटांनी झालं!

आणि पाहुण्यांसमोर म्हाताऱ्याला थांबवायचं कसं? त्याने निवांत खिशातला रुमाल काढून मशीन पुसलं, कुंकू लावलं, हार घातला, टाळ खोचला. नारळ फोडायला चकचकीत ऑफिसात दगड मिळेना, तर जिन्यात जाऊन फोडून आला. अर्धा तास! आणि त्या अर्ध्या तासात सुशांतचा चेहरा बघण्यासारखा होता. तुम्हीच विचार करा ना, त्याने देवाला मागायचं काय? माहिती गेली तर ऑर्डर गेली, आणि घालवली कुणी, बापाने. आणि माहिती वाचली तर मॅडमना कळणार, की कोड काढलेला नाही. मशीन मेलं तर बाप मेला, मशीन जगलं तर हा मेला! उभ्या उभ्या पोराचे ओठ हलत होते. काय मागितलं कोण जाणे, पण मला वाटतं बापासाठी मागितलं असणार.

म्हाताऱ्याने पिन परत लावली. मशीन घरघरलं. पडद्यावर ओळी यायला लागल्या... आणि सगळं जिथल्या तिथे! तीसही दिवस! शेवटची नोंद अकरा सोळाची, माझे थोरले मेहुणे, मूळव्याधीसकट सुखरूप! कादंबरीबाईंनी टाळ्या वाजवल्या हो! म्हणाल्या, "आमच्याकडे आजवर जेवढे आले, सगळ्यांनी चालू मशीन दाखवलं. बंद करून कुणीच दाखवलं नाही. ऑर्डर पक्की." म्हातारा म्हणाला, "पूजा केल्यार मशीन बरा चालता, बाय." लोकांनी पेढे वाटले.

आणि लोक गेल्यावर मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. नऊवारीतच. दार लावलं आणि एवढंच विचारलं, "वाचलं कसं?"

"मॅडम, ती केस... हॅन्डल केलेली होती."

"ती तू काढणार होतास."

"हो, पण काढली असती तर आज सगळं गेलं असतं..."

"मी ते विचारत नाहीये. मी सांगूनही काढली का नाहीस?"

"पण मॅडम, झालं ना आज तसं!"

"हा मुद्दाच नाहीये, सुशांत. आज हे काढलं नाहीस. मी सांगितलेलं अजून काय काय केलेलं नसशील?"

बघा हं, म्हणजे मशीन मेलं असतं तर हा आज्ञाधारक होता! यंत्र वाचवल्याचा गुन्हा, तुम्ही कुठे ऐकलाय? आणि मग मॅडमची मान वळली माझ्याकडे. "देवदत्त, काढली म्हणून सही तुझी आहे."

आता माझी काय चूक? मला घर नाही? मुलीची दहावी नाही? तोंडातून आपोआप निघालं, "मॅडम, त्याने मला फसवलं."

सुशांतने माझ्याकडे बघितलं. फार नाही, एवढंसंच. आणि म्हणाला, "हो मॅडम. देवाला काही माहीत नव्हतं." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो मला. बाहेर आल्यावर मी त्याला पेढा दिला. त्याने खाल्लाही.

दसऱ्याच्या सकाळी ईमेल आलं. सूचनांचं पालन न केल्याने सेवा पुढे चालू ठेवता येत नाही, शुभेच्छा, आणि खाली आपट्याच्या पानाचं चित्र. त्याच वेळी म्हातारा चाळीत दारोदार खरी पानं वाटत फिरत होता, "सोना घेवा, माझो झील उद्या पर्मनंट होतलो!" आता अशा बापाला काय सांगणार? सुशांतने सांगितलं, "बाबा, झालो पर्मनंट. पण आता घरून काम करायचं."

आणि कोड? कोड आहे तिथेच आहे! उलट माहितीपत्रक नवीन छापलं, 'चौपट सुरक्षित'. हेही कुणी मोजलेलं नाही.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. कादंबरीबाईंचं पत्र आलं. चाळीस मशीनं हवीत, पण अट एक. प्रत्येक मशीन चालू असताना आमच्या माणसासमोर प्लग उपटून दाखवायचा, आणि तो त्या आजोबांनीच. "तुमचे इंजिनियर नकोत, ते हळूच काढतात." मॅडमनी गाडी पाठवली लालबागला! आता एकाहत्तर वर्षांचा माणूस नोकरीवर घ्यायचा, तर एचआरच्या प्रोग्रामने वयच घेतलं नाही. अठ्ठावन्नच्या वर आकडा टाकला की लाल! बनवणाऱ्याने विचार केला असणार ना, असं कधी होतं का? शेवटी प्रितीने जन्मतारीख एक जून तशीच ठेवली, म्हाताऱ्यांची सगळ्यांची तीच असते, आणि सालात वीस वर्षं कमी केली. आलं पत्र बाहेर! सीताराम, पद पॉवर टेस्टर, पर्मनंट.

म्हातारा रडला हो. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या चाळीला दाखवून आला. कामाची वेळ दहाची, पण हा पावणेसातला गेटवर हजर. वॉचमन म्हणतो, "काका, आत बसा." तर म्हणतो, "नको, माका सवय आसा." दहाला वर यायचा, मशीन पुसायचा, कुंकू लावायचा, हिसका मारायचा. आणि सुशांत घरी, दार लावून, लॅपटॉपसमोर, बाप घरी आला की त्याला ऐकू जावं म्हणून बटणं दाबत बसायचा. दोन महिने! पोरगा अर्ज करतोय, तिथून मॅडमना फोन येतात, आणि मॅडम म्हणतात, "हुशार आहे, पण ऐकत नाही." संपलं.

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्याला ताप भरला. फोन माझ्याकडे. "देवदत्ता, आज माझ्यान येवक जमाचा नाय. बदली धाडतंय."

"काका, बदली कसली? इथे तसं नसतं."

"असता रे. मिलमध्ये बापाच्या जाग्यार झील जायत. सुशांत घरीच आसा." मग आवाज खाली गेला. "माका म्हायत आसा सगळा, पयल्या दिवसापासून. त्येका सांगू नको."

मी फोन ठेवला आणि मॅडमना बदलीचं सांगितलं. हॉस्पिटलचा माणूस येऊन बसलेला, मॅडमनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "येऊ दे, नाहीतर आजचं मशीन राहील. पण कोडला हात लावायचा नाही." आणि सुशांत आला. डोक्याला तेल, हातात बापाचा डबा, गळ्यात पाहुण्यांचा पास. स्वतःच्या कोडसमोर उभा राहिला. बापाची हळदकुंकवाची डबी उघडली, बोट लावलं, वाकला, आणि पिन उपटली. पंखा थांबला. परत लावली. सगळं जिथल्या तिथे.

मी सही करायला पेन काढलं. तो म्हणाला, "देवा, ह्या वेळी बघून कर हां." हसत म्हणाला! मला पेनाचं टोपण सापडेना.

निघताना लिफ्टपाशी थांबला. म्हणाला, "बाबांचा ताप काही लगेच उतरेलसं वाटत नाही. उद्या पण बदली लागेल का रे?" आता मी टेस्टर, मी कोण ठरवणार? मॅडमना विचारायला पाहिजे, त्या मीटिंगमध्ये... काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलून गेलो, "बघू. सातला गेटवर येऊन उभा राहा."

आणि तुम्हाला सांगतो... आला हो! पावणेसातला.